असईचा जनरल आणि आपली लाडकी फितुरी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका कार्यक्रमात वक्त्यांनी जोरात सांगितलं की, "असईला इंग्रजांच्या आधुनिक तोफांपुढे आपले भाले-तलवारी कमी पडल्या आणि बाकीचं काम फितुरीनं केलं." टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बातमी लिहीत होतो, कारण हेच वाक्य मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी छापलेलं आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा नवा नवा होता, रविवार पुरवणीत पान भरायचं होतं, आणि ऐकीव माहितीवर लेख ठोकून दिला. आठवड्याने एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. त्यात दोनच प्रश्न होते. असईला कोणाकडे किती तोफा होत्या? आणि इंग्रजांच्या बाजूने लढलेले शिपाई कुठले होते? मला दोन्हींची उत्तरं माहीत नव्हती. तेव्हापासून या लढाईचा आणि ती जिंकणाऱ्या जनरलचा नाद लागला. आज तेच लिहितोय.

जनरलचं नाव आर्थर वेलस्ली. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. जगाला तो वॉटर्लूमुळे माहीत. पण तो घडला आपल्याकडे. म्हैसूर, पुणे, नगर, भोकरदन, अकोला, चिखलदरा या पट्ट्यात.

जन्म 1769 चा, आयर्लंडमधला. घर सरदारांचं, पण पैशाची ओढाताण आणि हा धाकट्यांपैकी एक. शाळेत काही चमक नव्हती. बरं व्हायोलिन वाजवायचा. जिच्यावर जीव होता त्या मुलीच्या घरच्यांनी कर्जबाजारी म्हणून नकार दिला, तेव्हा त्याने व्हायोलिन जाळून टाकलं आणि फौजेत मन घातलं. त्या काळात इंग्रज फौजेतल्या हुद्द्यांचा चक्क बाजार होता. थोरल्या भावाच्या पैशावर एकेक पायरी विकत घेत तो 24 व्या वर्षी 33 व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. म्हणजे वशिला होताच. 1797 मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि पुढच्याच वर्षी तो थोरला भाऊ, रिचर्ड, गव्हर्नर जनरल होऊन आला. आपल्याकडे आमदाराचा भाऊ कंत्राटदार असतो तसंच समजा. 1799 मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर श्रीरंगपट्टणचा कारभार, किल्ल्यावरच्या हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या जनरल बेअर्डला डावलून, याच्याकडे देण्यात आला. बेअर्ड ते विसरला नाही.

पण वशिल्याने खुर्ची मिळते, काम येत नाही. ते तो कसं शिकला, हा खरा विषय आहे.

श्रीरंगपट्टणला असताना एका रात्री सुलतानपेठच्या झाडीवर त्याने हल्ला केला. आधी जागा पाहिली नव्हती. अंधारात माणसं भरकटली, काही टिपूच्या हाती लागून मारली गेली. त्यानंतर जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असा हल्ला करायचा नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं. पुढच्या वर्षी, 1800 मध्ये, धोंडिया वाघाचा पाठलाग. स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवणारा हा धोंडिया तुंगभद्रेपासून मलप्रभेपर्यंत इंग्रजांना नाचवत होता. घोडदळाच्या मागे पायदळ घेऊन धावायचं म्हणजे खायचं काय, हा प्रश्न रोजचा. या मोहिमेत वेलस्ली जे शिकला ते त्याने पुन्हा पुन्हा पत्रांत लिहून ठेवलंय. तांदूळ आणि बैल हाताशी असले की माणसं टिकतात, आणि माणसं टिकली की शत्रूचं बघून घेता येतं. सप्टेंबरात कोनगलला धोंडिया मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबतखान सामानात सापडला. त्याला वेलस्लीने सांभाळलं आणि जाताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. माणूस एकरंगी नव्हता, एवढ्यासाठी हे सांगितलं.

टिपूने जोपासलेले अमृतमहाल जातीचे बैल इंग्रजांच्या हाती आले होते. पांढरे, काटक, भराभर चालणारे. तोफा त्यांच्यावर ओढल्या. धान्य आणायला लमाण-बंजाऱ्यांचे तांडे होते. हे तांडे सगळ्याच फौजांना धान्य विकायचे. जो रोख दाम देईल आणि लुटणार नाही त्याच्याकडे जायचे. वेलस्लीचा कटाक्ष हा की तांड्याला पैसे द्यायचे, आणि वाटेवरच्या गावांत आपला शिपाई लूट करताना सापडला तर त्याला टांगायचा. यात पुण्यकर्म काही नव्हतं. लुटलेल्या गावात दुसऱ्या वेळी दाणा मिळत नाही, एवढा साधा हिशोब. आणि पावसाळा! आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात मोहिमा बंद. वेलस्लीने उलटा विचार केला. नद्या भरल्या की मराठी घोडदळ अडकून पडतं. तेव्हा टोपलीसारख्या, कातडं मढवलेल्या गोल होड्या बरोबर घेतल्या तर आपण नदी ओलांडू आणि ते ओलांडू शकणार नाहीत. हे त्याने लढाईच्या आधी दोन-तीन वर्षं लिहून ठेवलं होतं.

आता आपल्या बाजूला काय चाललं होतं?

25 ऑक्टोबर 1802. हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. मराठ्यांनी मराठ्यांना हरवलं. दुसरे बाजीराव पुण्यातून पळाले ते कोकणमार्गे वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला. 31 डिसेंबरला वसईचा तह झाला. पुण्यात इंग्रजी फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख द्यायचा, आणि परराष्ट्राचा व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा. पेशवाई 1818 ला बुडाली असं आपण शिकतो. माझ्या मते ती त्या दिवशी वसईला सही झाली तेव्हाच बुडाली, पुढची सोळा वर्षं फक्त फलक लटकत होता.

बाजीरावांना गादीवर बसवायला वेलस्ली मार्च 1803 मध्ये दक्षिणेतून निघाला. वाटेत त्याला कोणी अडवलं नाही. उलट पटवर्धनांसारखे दक्षिणेतले सरदार बरोबर होते. अमृतराव पुणं जाळणार अशी बातमी आली तेव्हा तो घोडदळ घेऊन 32 तासांत 60 मैल चालून 20 एप्रिलला पुण्यात पोचला. 13 मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर. गादी मिळाल्यावर फौजेला रसद देण्याचं वचन बाजीरावांनी कसं पाळलं, याबद्दल वेलस्लीच्या पत्रांत कडवट तक्रारी आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठी आला त्यांच्याकडूनही त्याला फारसं काही मिळालं नाही!

ऑगस्टच्या सुरुवातीला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशी युद्ध जाहीर झालं. भर पावसाळा. ठरल्याप्रमाणेच. 8 ऑगस्टला नगरच्या (आता अहिल्यानगर) पेठेच्या तटाला शिड्या लावून त्याने पेठ घेतली, 12 तारखेला किल्ला. पेशव्यांच्या बाजूने इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखल्यांनी यावर लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आशय असा की हे इंग्रज आणि त्यांचा जनरल अजब आहेत, सकाळी आले, भिंत पाहिली, भिंतीवरून चालत गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत आले. वाचताना हसू येतं, मग लक्षात येतं की हे लिहिणारा आपला माणूस त्या न्याहारीच्या बाजूला बसलेला आहे.

आता असई. 23 सप्टेंबर 1803.

जालना जिल्ह्यात भोकरदनच्या पुढे केळना आणि जुई या दोन नद्यांचा संगम आहे. दोन नद्यांच्या बेचक्यात असई. 21 तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन भेटले. दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी जायचं आणि 24 ला मिळून हल्ला करायचा असं ठरलं. पण 23 ला सकाळची मजल संपवून तळ पडतोय तोच कळलं की मराठी फौज भोकरदनला नाही, पाच-सहा मैलांवरच आहे. स्टीव्हनसन लांब. थांबायचं की भिडायचं? त्याने भिडायचं ठरवलं.

समोर केळनेच्या पलीकडे काय होतं ते नीट वाचा, कारण गुरुजींच्या पोस्टकार्डाचं उत्तर यात आहे. शिंद्यांची कवायती पायदळाची पलटणं, सुमारे अकरा हजार माणसं, युरोपियन पद्धतीने शिकवलेली, बंदुका-संगिनी असलेली. शंभरच्या आसपास तोफा. आणि तीस हजारांहून जास्त घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरलेली साडेचार-पाच हजार माणसं आणि वीसच्या आत-बाहेर तोफा. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. भाले-तलवारी विरुद्ध आधुनिक तोफा? तोफा आपल्याच जास्त होत्या, आणि चांगल्या होत्या. लढाईनंतर हाती आलेल्या पितळी तोफांची वेलस्लीने स्वतः पत्रात तारीफ केली. कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत वकील म्हणून राहिला होता. त्याने आधीच बजावलं होतं की यांच्या घोडदळाचं काही वाटून घेऊ नका, पण पायदळ आणि तोफखाना बघून चकित व्हाल.

वाटाड्यांनी सांगितलं, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या या काठाला पिंपळगाव आणि बरोबर समोरच्या काठाला वरुड. त्याने अंदाज बांधला की समोरासमोर दोन गावं असतील तर त्यांच्यात जाण्या-येण्याची वाट असणारच. माणूस पाठवला. उतार निघाला. पुढे म्हाताऱ्या वयापर्यंत तो हा किस्सा सांगायचा. मला विचाराल तर यात अलौकिक काही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला हे ठाऊक असतं. फरक एवढाच की हा परका माणूस त्या सकाळी गुराख्यासारखा विचार करू शकला.

फौज नदी उतरत असताना तोफगोळ्याने त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडवलं. आणि पलीकडे गेल्यावर त्याला धक्का बसला. बगलेवर जाऊन मारू असा त्याचा डाव होता. पण शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती पोहलमन, जातीचा हॅनोव्हरचा जर्मन, याने अख्खी रांग तोफांसकट वळवून त्याच्यासमोर उभी केली. हजारो माणसांची रांग गोळीबाराच्या तोंडावर अशी फिरवणं ही कवायत कोणत्याही युरोपियन फौजेला शोभली असती. ती करणारे शिपाई हिंदुस्थानी होते. याची आठवण कोणी काढत नाही, कारण ती "भाले-तलवारी"च्या गोष्टीत बसत नाही.

मग कापाकापी झाली. मराठी तोफांनी इंग्रजांच्या तोफा आणि त्या ओढणारे बैल उडवले. तेव्हा वेलस्लीने तोफा मागे सोडून पायदळ संगिनी लावून सरळ तोफांवर घातलं. आपले गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफेपाशीच कापले गेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून मागून त्यांच्यावरच तोफा डागू लागले. त्या तोफा पुन्हा घ्यायला वेलस्लीला स्वतः मागे यावं लागलं. इकडे ऑरॉक नावाचा त्याचा एक अधिकारी वाट चुकून थेट असई गावाच्या तोंडावर गेला. त्याच्या मागे 74 वी हायलँडर पलटण. गावातल्या बंदुका आणि तोफांनी ती जवळजवळ संपवली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने उरलेल्यांना वाचवलं. हा मॅक्सवेल पुढे त्याच संध्याकाळी पडला. वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून गेला, दुसऱ्याला भाला लागला.

संध्याकाळी मैदान इंग्रजांकडे होतं, 98 तोफांसकट. त्यांचे 428 मेले, 1138 जखमी झाले. लढाईत उतरलेल्यांपैकी जवळपास तीनातला एक. मराठ्यांकडचा आकडा मोजून ठेवणारं कोणी नव्हतं. अंदाज हजारोंचा आहे. त्या रात्री वेलस्ली गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला. डोळा लागला की सगळे मेल्याचं स्वप्न पडायचं. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात घ्यायला निजामाच्या किल्लेदाराने नकार दिला, म्हणजे मित्रपक्षाच्या किल्लेदाराने! शेवटी अजिंठ्याला इस्पितळ उभं केलं.

आता दुसरा प्रश्न. इंग्रजांच्या बाजूने लढलं कोण? 74 वी आणि 78 वी या दोन गोऱ्या पलटणी आणि 19 वी घोडेस्वार पलटण. बाकी बहुतेक पायदळ आणि घोडदळ मद्रासचं, म्हणजे तमिळ-तेलुगू मुलखातली माणसं. बरोबर म्हैसूरचे स्वार. आणि खुद्द पेशव्यांचे स्वार. शिंद्यांकडेही पलटणींत उत्तर हिंदुस्थानातली भरती मोठी, वर जर्मन-फ्रेंच अधिकारी, आणि बेगम समरूच्या पलटणी. मराठी विरुद्ध इंग्रज असा सरळ फळा आखताच येत नाही.

मग फितुरी? होती. ऑगस्टच्या अखेरीस गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या युरोपियन अधिकाऱ्यांना कंपनी पैसे देईल. बरेच जण गेले. उत्तरेत मोठा सेनापती पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पण याला मी फितुरी म्हणायला कचरतो. पगारी माणूस जास्त पगाराकडे गेला. फौजेची सगळी कवायत परक्या पगारी माणसांच्या हातात देऊन आपले अधिकारी तयार करायचे नाहीत, हा निर्णय कोणाचा? आणि पगाराचं म्हणाल तर 1798 मध्ये शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागवायला सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सावकारांचा छळ करून पैसे उकळले होते. आपल्याच राजधानीत. तिकडे तांड्यांना रोख दाम आणि इकडे ही तऱ्हा. असईला रघूजी भोसले लवकर निघून गेले, प्रचंड घोडदळ जवळपास बघत राहिलं. होळकर तर या युद्धात बाजूलाच थांबले, आणि शिंदे-भोसले हरल्यावर 1804 मध्ये एकटे लढले. जबरदस्त लढले, मॉन्सनला पळता भुई थोडी केली. पण एकटे. फितुरी म्हटलं की एक खलनायक सापडतो आणि बाकी सगळे सुटतात, म्हणून तो शब्द आपल्याला आवडतो असं मला वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला (इंग्रजी पुस्तकांत अरगाव) लढाई. तिथे तोफा सुरू होताच असईला न डगमगलेल्या त्याच्या देशी पलटणींपैकी तीन मागे फिरल्या, त्याने स्वतः त्या सावरून परत उभ्या केल्या. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. तो पाडायला मेळघाटाच्या डोंगरात रस्ता करत जड तोफा ओढून नेल्या होत्या, आणि ते काम स्टीव्हनसनच्या माणसांनी केलं. किल्लेदार बेणीसिंग लढत मेला. चिखलदऱ्याला जाऊन नुसते फोटो काढून येणाऱ्यांनी एकदा त्या दरवाजात पाच मिनिटं उभं राहावं. 17 डिसेंबरला देवगावचा तह: भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह: शिंद्यांचं नगर, भडोच, दिल्ली-दुआब गेलं. वऱ्हाड पुढे निजामाला मिळाला, पेशव्यांच्या मराठी मुलखाला पुढच्या साली दुष्काळाने गाठलं. फौजा सगळ्यांच्याच इथूनच खाऊन गेल्या होत्या.

एक गोष्ट त्याच्या बाजूने. तहानंतर ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना द्यायचा की नाही यावर त्याचं सख्ख्या भावाशी वाजलं. त्याचं म्हणणं, दिलेल्या शब्दाची पत गेली तर किल्ला घेऊन काय करायचं. भावाने ऐकलं नाही. आणि एक विरुद्ध बाजूने: इथल्या लोकांविषयी त्याच्या पत्रांत तुच्छतेचे शेरे भरपूर आहेत. मैदानात मान, कागदावर तिरस्कार.

मार्च 1805 मध्ये तो परत गेला. वाटेत सेंट हेलेना बेटावर ज्या बंगल्यात उतरला, तिथेच दहा वर्षांनी कैदी नेपोलियनला ठेवलं गेलं. नेपोलियन त्याला "शिपायांचा जनरल" म्हणून हिणवायचा, शिपाई म्हणजे आपले हिंदुस्थानी शिपाई. पण स्पेन-पोर्तुगालमध्ये 1808 ते 1814 वेलस्लीने जे केलं ते इथलंच होतं: बैलगाड्या, धान्याची कोठारं, गावाला पैसे, लुटारू शिपायाला फास. फ्रेंच लुटून खात होते, म्हणून त्यांना सगळा मुलूख शत्रू झाला. वॉटर्लूनंतर 1828 मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. मताधिकार वाढवायला विरोध केला म्हणून लंडनच्या लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या. 1852 मध्ये 83 व्या वर्षी वारला.

म्हातारपणी त्याला कोणीतरी विचारलं, लढाईत तुम्ही केलेली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती? समोरच्याला वॉटर्लू हे उत्तर अपेक्षित असणार. तो म्हणाला, असई. पुढे एक शब्दही बोलला नाही.

मी उन्हाळ्यात मोटारसायकलवर त्या बाजूला जाऊन आलो. केळनेत पाणी नव्हतं. पिंपळगाव-वरुडच्या मधून पाय न भिजवता पलीकडे जाता आलं. भोकरदन, जाफराबाद, तेल्हारा, चिखलदरा भागातल्या मित्रांना विनंती: तुमच्या गावात त्या लढायांच्या काही आठवणी, जुनी थडगी, शेतात सापडलेले गोळे, आजोबांनी सांगितलेलं काही असेल तर जरूर कळवा. फोटो असेल तर जागा कुठली तेही लिहा. आणि गुरुजी, तुमचं पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे.